आदल्या दिवसाची मंडई

बाई, आपला वाद अर्धाच राहिला. तुम्ही मधेच उठून गेलात म्हणून तुम्ही जिंकलात, असं मी मुळीच मानणार नाही. इतकी वर्षं मी तुम्हाला एकच गोष्ट विचारत आले आणि तुम्ही दर वेळी हात झटकून मोकळ्या झालात. त्या वर्षी तुमच्या माहेरच्या मंडईच्या जत्रेचा दिवस तुम्ही खरोखर चुकलात, की मला घराबाहेर काढायला मुद्दाम चुकवलात? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. तेवढंही तुमच्याकडून झालं नाही.

घरात अजून माणसं येऊन-जाऊन आहेत. ओसरीवर बसतात, डोळ्यांना पदर लावतात, तुमचे गुण गातात. किती कष्टाची बाई, किती सोशीक. ऐकताना मला वाटतं, हे बोलतायत तरी कोणाबद्दल? धानकापणीच्या भर दिवसांत बैल जुपायला लावून, पोरंबाळं गाडीत कोंबून, उंडारायला निघणारी बाई सोशीक कशी म्हणायची? मला तर तुम्ही एक नंबरच्या भटक्या वाटायचात आणि मी ते तुमच्या तोंडावर म्हणायचे. थोरल्या जावेला असं बोलायची माझी छाती तुमच्यामुळेच झाली. नाहीतर या घरात मी आले तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

मी फुलचूरची. वडील गोंदियाच्या धान गिरणीत कारकून, घरात बोलणं निम्मं हिंदी, आणि शाळेत जाऊन लिहायला-वाचायला शिकलेली. तुमच्या घरी मला सगळंच नवं होतं. धानाच्या रोपांची रोवणी कशी करतात तेही तुम्ही चिखलात माझा हात धरून शिकवलंत. पहिला पावसाळा त्यात गेला. दुसऱ्या पावसाळ्यात तुमचा धाकटा दीर, माझा नवरा, तापानं गेला. धानाची निम्मी बांधी रोवायची राहिली होती. ती तुम्ही दुसऱ्या दिवशी गड्यांना घेऊन रोवलीत आणि संध्याकाळी चिखलाच्या हातांनीच माझ्याजवळ येऊन बसलात. त्या घरात तेव्हा न बोलणारं एकच माणूस होतं, ते तुम्ही. बाकी सगळे मला समजावत होते.

सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांना जे ठाऊक होतं तेच त्या करत होत्या. माझं जग विहीर, परसू आणि माजघर एवढं झालं. वडील न्यायला आले होते, पण तिथंही माजघरच असणार होतं, म्हणून मी गेले नाही. दिवाळी आली. घरात सण नव्हता. माझ्या वाट्याला तर पुढं कधीच सण नव्हता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांनी ते धरून चाललं होतं. मीसुद्धा.

आता मंडईचं तुम्हाला काय सांगायचं? पण हे कधी नातवंडांच्या हाती पडलं तर त्यांना कळावं म्हणून लिहिते. भाऊबीज झाली की आपल्या भागात गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस निराळा. गावची जाणती माणसं बसून तो ठरवतात, कोतवाल दवंडी देतो आणि पाहुण्यांकडे निरोप जातात. दिवसा दुकानं, पाळणे, गुराखी गोवाऱ्यांचा ढाल घेऊन नाच, रात्री दंडारीचं नाटक. सासरी गेलेल्या पोरी त्या दिवशी माहेरी येतात. लग्नाच्या गोष्टीही तिथंच निघतात, कोणाची पोर कोणाला दाखवायची ते तिथंच ठरतं. अशा ठिकाणी कोऱ्या कपाळाची वीस वर्षांची बाई गेली तर चार गावांच्या जिभा सुटतात. म्हणून मी जायचा प्रश्नच नव्हता.

तुम्ही मात्र सासूबाईंपुढं उभ्या राहिलात आणि सांगितलंत की शुक्रवारी माहेरची मंडई आहे, आपल्या घरात सण नसला तरी पोरांना आजोळचं बोलावणं मोडता येत नाही, आणि दोन्ही पोरं अन् लेक शांता एकटीला आवरत नाहीत, तर देवकी लागेल. सासूबाई नाहीच म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, ती खासरातून खाली उतरणार नाही, पोरं धरून आत बसेल, मी जामीन. खासर म्हणजे आपली बांबूच्या ताट्यांची बैलगाडी. तिला ताडपत्री बांधली की आत बसलेलं माणूस बाहेर दिसत नाही. ही अट घालून सासूबाईंनी हो म्हटलं. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं.

गाडी भासऱ्यांनी हाकली. तुमचे मालक म्हणजे माझे भासरे, त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तोंडही उघडलं नाही. सकाळच्या गारव्यात गोरेगावची वाट मागं पडली. लवकर पिकणारा हलका धान कापून झाला होता, भारी धान उभा होता आणि बांधांवरून त्याचा वास येत होता. शांता माझ्या मांडीवर. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल, सारखी विचारायची, काकू, तू काऊन नाही उतरणार? मी म्हणायचे, माझे पाय दुखतात. पोर बिचारी खरंच माझे पाय चेपत बसली.

आणि मग गाडी तुमच्या माहेरच्या तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आली आणि थांबली. मी ताडपत्रीच्या फटीतून पाहिलं. मंडई नव्हतीच. मैदान मोकळं होतं. एका बाजूला दोन-चार गाड्या सुटलेल्या, एक हलवाई चुलीसाठी खड्डा खणत होता, आणि काही माणसं दंडारीच्या मांडवाला बांबू उभे करत होती. तुम्ही खाली उतरून कपाळावर हात मारलात. जरा जोरातच मारलात, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं.

"चुकलं वो बाप्पा माह्यं," तुम्ही म्हणालात, "मंडई उद्या हाय."

भासऱ्यांनी तुमच्याकडं पाहिलं, मैदानाकडं पाहिलं आणि बैल सोडून पाण्यावर नेले. मी आत बसून होते. तुम्ही ताडपत्री वर केलीत आणि मला उतर म्हणालात. मी मान हलवली, सासूबाईंना शब्द दिला आहे ना. त्यावर तुमचं जे उत्तर आलं, ते मी आजवर किती जणींना सांगितलं असेल. तुम्ही म्हणालात, शब्द मंडईत न उतरायचा दिला होता. मंडई उद्या आहे. आज हे निसतं मैदान होय, मैदानात उतरायला कोणाची मनाई आहे?

मी उतरले. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा माझे पाय मोकळ्या जमिनीवर पडले. मला नीट चालता येत नव्हतं, हे तुम्ही पाहिलंत आणि काहीतरी निमित्त काढून माझा दंड धरलात.

बाई, मी पुढं खऱ्या मंडईबद्दल पुष्कळ ऐकलं, पण त्या आदल्या दिवसासारखं काही नसेल. कोणी कोणाकडं पाहायला रिकामं नव्हतं. ज्याला त्याला आपल्या दुकानाची घाई. कासाराच्या बांगड्यांच्या पेट्या अजून दोरीनं बांधलेल्या होत्या. दंडारीत बाईचं सोंग घेणारा गडी दाढीमिशांसह बांबूला टेकून रडायची तालीम करत होता, आणि मधेच रडणं थांबवून विडी मागत होता. तुम्ही त्याला म्हणालात, मिशी ठेवून रड, जास्त चांगला दिसतोस. हलवायानं चूल पेटवली आणि हात बसावा म्हणून जिलेबीचा पहिला घाणा टाकला. तो वेडावाकडा झाला, पहिला घाणा बिघडतोच. तो विकायचा नाही, म्हणून त्यानं हाक मारून पोरांना वाटून टाकला. पोरांनी हातभर पाक चाटला. खर्च काही नाही.

आणि पाळणा. चार लाकडी पेट्यांचा, हातानं फिरवायचा. पाळणेवाला रायपूरकडचा होता. त्यानं खांब रोवले, आडवं लाकूड चढवलं, आणि मग तो इकडंतिकडं पाहायला लागला. तुम्ही विचारलंत, कोणाला शोधतोस? तो म्हणाला, "बाई, खाली पाळणा नहीं घुमता. खांब बैठाना है, वजन चाहिए." रिकाम्या पाळण्यानं खांब बसत नाही, आणि उद्या गर्दीत तो खचला तर माणसं मरतील, म्हणून आदल्या दिवशी तो नेहमी पोती भरून फिरवायचा. आज पोती अजून आली नव्हती.

तुम्ही पोरांना बसवलंत. दोन पेट्या भरल्या. समोरच्या दोन रिकाम्या, पाळणा कलला. पाळणेवाला म्हणाला, उधर भी वजन दो. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. विधवा बाई पाळण्यात? मी मागं सरकले. तुम्ही बसा, मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, मी बसले तर त्याचा खांब उद्याच्या आधीच मोडेल. मग जवळ आलात, आवाज खाली केलात आणि एकच वाक्य बोललात.

"आज हा पाळणा नाही वो देवके, निसतं लाकूड होय. बस."

मी बसले. शांता उडी मारून माझ्या पेटीत आली आणि तिनं माझ्या कमरेला घट्ट मिठी मारली. पेटी वर गेली. मला तळं दिसलं, तळ्यातले शिंगाड्याचे हिरवे वेल, शिंगाडे काढणाऱ्या ढिवर कोळ्यांचे डोंगे, पलीकडचा पिवळा धान आणि खाली तुम्ही, वर तोंड करून, कमरेवर हात ठेवून उभ्या. मी रडायला लागले. खाली येताना थांबले, वर जाताना पुन्हा रडले. ते दुःखाचं होतं की कशाचं, मला आजही सांगता येत नाही. इतकंच खरं की नवरा गेल्यापासून मी रडलेच नव्हते. पाळणेवाल्यानं बराच वेळ फिरवला. त्याचे खांब बसले आणि माझं काहीतरी मोकळं झालं.

नंतर आपण मोहाच्या झाडाखाली बसून घरून आणलेले तांदळाचे आयते, म्हणजे धिरडी, आणि लाखोळीच्या डाळीचे वडे खाल्ले. एका ढिवरणीनं उकडलेले शिंगाडे आणून दिले, ती तुमच्या लहानपणची शेजारीण. रात्री तुमच्या भावाच्या घरी झोपलो. आणि दुसऱ्या दिवशी, मंडईच्या दिवशी सकाळी, लोक गाड्या भरभरून येत असताना आपली गाडी उलट्या दिशेनं घराकडं निघाली. तुमचा भाऊ थांबा म्हणत होता. तुम्ही म्हणालात, धान उभा आहे, एक दिवस मोडला तेवढा पुरे. मला तेव्हा ते बरोबरच वाटलं. धान खरंच उभा होता.

घरी सासूबाई हसून हसून लोटपोट झाल्या. स्वतःच्या माहेरच्या मंडईचा दिवस चुकणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. पुढच्या वर्षी त्या बजावू लागल्या, नीट विचार गं, मागल्यासारखी चुकू नको. आणि तुम्ही पुन्हा चुकलात. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग ते चुकणं राहिलं नाही, रीतच झाली. पोरंच म्हणायला लागली, आपली मंडई आदल्या दिवशी असते, पाळणा फुकट असतो, जिलेबी फुकट असते. गावात तुमचं नाव झालं, अंजनाबाईला दिवस मोजता येत नाही. पोळ्याला, अक्षय तृतीयेला लोक मुद्दाम तुम्हाला विचारायचे, बाई, आज का उद्या? तुम्ही त्यांच्याबरोबर हसायचात.

मी मात्र सोडत नव्हते. धान कांडताना, शेणी थापताना, केव्हाही मी विषय काढायचे. तुमच्या भावाचा निरोप आला तेव्हा मी दाराआड होते; त्यानं शनिवार म्हटलं होतं, मला ऐकू आलं होतं, तुम्ही शुक्रवार का सांगितलात? तुमचं उत्तर ठरलेलं. "मले काय माहीत? कोतवालाले इचार." कोतवालाचा काय संबंध? पण तुम्ही मुसळ घेऊन कांडायला लागायचात आणि त्या आवाजात माझं बोलणं बुडून जायचं.

एकदा मी चिडून म्हटलं होतं की जायचं तर कुठंतरी जाऊ, काशीला, गेला बाजार रामटेकला. हे काय वर्षानुवर्षं रिकामं मैदान पाहायला जायचं. तुम्ही सूप खाली ठेवलंत. म्हणालात, दूर जायाले पैसा लागते, जवळ जायाले निमित्त लागते. पैसा आपल्यापाशी नाही, निमित्त मी पैदा करतो. हे बोलून तुम्ही मान डोलावलीत, जशी काही मोठी लढाई जिंकलीत.

आणि निमित्तं काढण्यात तुमचा हात धरणारं कोणी नव्हतं. कार्तिकात आवळीखाली जेवलं नाही तर पुण्य लागत नाही, म्हणून जंगलाकडच्या आवळीपर्यंत चाललो. सडक अर्जुनीच्या मावशीचं पोट दुखतं, म्हणून मोठ्या सडकेवर जाऊन ट्रक पाहत बसलो. मावशी ठणठणीत होती. माझ्या आईला भेटायचं म्हणून फुलचूरला आलात आणि दुपारी मला घेऊन गोंदियाच्या स्टेशनवरच्या पुलावर जाऊन उभ्या राहिलात. एका बाजूला छोट्या लाईनची गाडी, दुसऱ्या बाजूला कलकत्त्याचा मेल. मेल सुटला तेव्हा तुम्ही खिडकीतल्या लोकांना हात करायला लागलात. मी लाजेनं मेले. विचारलं, तुमच्या ओळखीचं आहे का कोणी? तुम्ही म्हणालात, ओळख कायले पाहिजे, ते जाऊन राहिले ना. मग गाडीतल्या एका म्हातारीनंही हात केला. घरी येईपर्यंत तुम्ही त्या म्हातारीबद्दल बोलत होतात. कोण असेल, कोणाकडं जात असेल, सुनेकडं की लेकीकडं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी या घरात जगू शकेन. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. पुलाचं नाव निघालं की मी तुमच्या हात करण्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायचे, एवढंच.

यंदा भादव्यात तुमचं पोट दुखायला लागलं, ते निमित्त नव्हतं. गोंदियाच्या डॉक्टरकडं नेताना तुम्हाला खासरात तणसावर निजवलं होतं आणि तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. गोरेगाव मागं पडल्यावर तुम्ही डोळे उघडलेत, ताडपत्री जरा वर करायला सांगितलीत. धान पोटरीत आला होता. तुम्ही विचारलंत, मंडई केव्हा आहे यंदा? मी म्हटलं, अजून दसरा व्हायचा आहे.

"नीट इचारजो," तुम्ही म्हणालात. "माह्यासारखी चुकू नको."

तेव्हा विचारायला हवं होतं. तुम्ही खोटं बोलायच्या स्थितीत नव्हतात, खरं सांगितलं असतंत. मी तोंडही उघडलं. पण तुमच्या ओठांवर ते जुनं हसू होतं. मी ताडपत्री धरून बसले. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

दहाव्याला तुमच्या माहेरची एक बाई आली. भागरथाबाई. तुमच्याच वयाची, कष्टानं वाकलेली, कपाळावर मोठं गोंदण. मला वाटलं नातलग असेल. ती माझ्याजवळ बसली आणि सांगायला लागली की तुम्ही दोघी आणि आणखी दोघी, अशा चौघींची लहानपणी गट्टी होती. चौघींची लग्नं चार दिशांना झाली. तेव्हा चौघींनी ठरवलं होतं की बाकी काही होवो, मंडईच्या दिवशी तळ्याच्या पाळीवर यायचं. त्या दर वर्षी यायच्या. तुम्हीही यायचात. मग एका वर्षीपासून तुम्ही येईनाशा झालात. भागरथाबाई म्हणाली, "अंजी येते म्हनत, पन कवा येऊन जाते समजत नाही. आमी पाळीवर दिवस बुडेपर्यंत बसलो राहो. मंग आमीच म्हनो, मोठ्या घरची झाली, इसरली." ती रडत होती. मी रडू शकले नाही, बाई. मला पाळीवरून उलट्या दिशेनं निघालेली आपली गाडी दिसत होती, आणि तुम्ही म्हणत होतात, धान उभा आहे.

मी इतकी वर्षं तुम्हाला दिवसाबद्दल विचारत होते. त्या दिवसाची किंमत कोणी दिली, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या रात्री मला तुमचा राग आला. सांगायचं तरी होतं. एका वर्षी मी घरी राहिले असते, दोन वर्षं राहिले असते, तुम्ही त्या पाळीवर बसला असतात. मी मनातल्या मनात तुमच्याशी कडाकडा भांडले. तुमच्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं, तरी मी हरले.

आणि आता शांता. तुमची लेक, जी पाळण्यात माझ्या कमरेला धरून बसली होती. उन्हाळ्यात तिच्या सासरच्यांनी तिला आणून सोडलं आणि न्यायला आले नाहीत. नवऱ्यानं दुसरी केली. ते तुम्ही पाहिलंत, ते पाहूनच तुमचं दुखणं वाढलं असं मला वाटतं. तुम्ही गेल्यावर ती माजघरात बसली ती बसलीच. तळ्यावर जात नाही, बांधीवर जात नाही. कोणी आलं की आतल्या खोलीत. मी तिला पाहते आणि मला ती जागा ओळखू येते. त्या भिंतीला पाठ टेकली की थंड लागतं, तेही मला ठाऊक आहे.

भाऊबीजेनंतर तुमचा भाऊ आला. ओसरीवर भासऱ्यांसमोर बसून म्हणाला, यंदा तुमच्या घरी सण नाही, तरी सांगायला आलो. बुधवारी मंडई आहे. भासऱ्यांनी मान हलवली. मी दाराआड होते, मी ऐकलं. त्यांनी ऐकलं हेही पाहिलं.

सोमवारी संध्याकाळी मी दाराआड उभी राहिले. सासूबाई आता नाहीत, तुम्ही नाही, मधे बोलणारं कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांच्याशी मलाच बोलावं लागतं. मी म्हटलं, उद्या मंडई आहे म्हणतात. शांताला आजोळी न्यावं म्हणते. भासरे बिडी ओढत होते. घरात दुखवट्याचं वर्ष, भारी धान उभा, आणि दिवस चुकीचा. मला वाटलं आता म्हणतील, बुधवारी आहे ना. त्यांनी बिडी विझवली. अंगणातल्या बैलांकडं पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "उद्याच हाय. सकाळी जुपतो."

शांता येत नव्हती. मी म्हटलं, तू खाली उतरू नको, ताडपत्रीत बस, माझे पाय दुखतात, मला सोबत पाहिजे. पाय खरंच दुखतात आता. ती आली. पाळीवर गाडी थांबली, मी उतरले आणि कपाळावर हात मारला. मला तुमच्याइतकं चांगलं जमलं नाही. शांतानं ताडपत्री वर करून मोकळं मैदान पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, काकू, मामानं तर बुधवार सांगितला होता, मी आतून ऐकलं. मी म्हटलं, चुकलं बाई माझं. ती खाली उतरली. भासरे बैल घेऊन पाण्यावर निघून गेले, एकदाही मागं न पाहता.

हलवाई नवा आहे, जुन्याचा मुलगा. मांडवाचे बांबू उभे होत होते. भासऱ्यांना मी आधीच निरोप दिला होता की बुधवारी सकाळी बैल जुपू नका. मंडईत आम्ही जाणार नाही, घरात सण नाही. पण तळ्याच्या पाळीवर बसायला कोणाची मनाई नाही. भागरथाबाई येईल, बाकीच्या दोघी येतील, त्यांना मला सांगायचं आहे की अंजी विसरली नव्हती.

पाळणाही नवा होता, पण पेट्या लाकडाच्याच. पाळणेवाला पोती शोधत होता. मी त्याला म्हटलं, पोती राहू दे. आणि शांताचा हात धरला. तिनं हात सोडवून घेतला, मागं सरकली. मी जवळ गेले आणि आवाज खाली केला. बाई, मी फुलचूरची, तुमची बोली मला कधी नीट आली नाही. आज आली. मी म्हटलं, आज हा पाळणा नाही वो, निसतं लाकूड होय. बस.

आम्ही दोघी एका पेटीत बसलो. आता तिला माझ्या कमरेला धरायला जागा पुरत नव्हती, तरी तिनं धरलं. पेटी हलली आणि तिनं माझ्या खांद्याला तोंड लावूनच विचारलं.

"काकू, आईले दिवस माहीत होता ना?"

हो, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. दहा वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते उत्तर आता माझ्याच तोंडात होतं. आणि तेव्हा मला कळलं की तुम्ही ते कधी का दिलं नाहीत. दिलं असतंत तर पुढच्या प्रत्येक वर्षी मी त्या पाळण्यात तुमचं ओझं घेऊन बसले असते. तुम्ही मला ते उचलू दिलं नाहीत. दिवस मोजता न येणारी वेडी बाई म्हणवून घेतलंत आणि मला मोकळं वर जाऊ दिलंत.

"मले काय माहीत?" मी म्हटलं. "कोतवालाले इचार."

शांता हसली की रडली, मला दिसलं नाही, तिचं तोंड माझ्या पदरात होतं. पाळणेवाल्यानं ढकललं आणि आम्ही वर गेलो.